कपाटाची किल्ली चौथीच्या पोरांकडे द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या जिल्हा पानावर दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन पार फेब्रुवारीपर्यंत जिल्हा परिषद शाळांच्या उपक्रमांचे फोटो येत राहतात. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, 7 नोव्हेंबरचा विद्यार्थी दिवस (बाबासाहेब 1900 साली याच तारखेला साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, त्यामुळे आमच्या जिल्ह्यात तो जरा जास्तच दणक्यात होतो), मग बालदिन, संविधान दिन, बालिका दिन, मुलांचा आठवडे बाजार, स्नेहसंमेलन, मराठी भाषा गौरव दिन. मी ते फोटो आवडीने बघतो. आमचा नातू कुठे कोपऱ्यात दिसतो का, तेही शोधतो. उपक्रम फार झाले, गुरुजींना शिकवायला वेळ उरत नाही, अशी पत्रं आपण छापता. त्यात तथ्य आहे, पण माझं गाऱ्हाणं निराळं आहे. उपक्रमाला जे सामान लागतं ते शाळेत येऊन पडलेलं आहे, आणि ते कुलपात आहे.

मी एसटीचा निवृत्त वाहक. गावच्या पहिली ते चौथीच्या द्विशिक्षकी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मला शिक्षणप्रेमी सदस्य म्हणून घेतलंय. मध्यंतरी साहित्याची मोजदाद होती, तेव्हा मुख्याध्यापकांनी मदतीला बोलावलं. लोखंडी कपाट उघडलं तसा डांबराच्या गोळ्यांचा भपकारा आला. वरच्या कप्प्यात गोष्टींची पुस्तकं, बरीचशी सोळा-चोवीस पानी, पिना मारलेली, रंगीत. काहींची पानं कडेला एकमेकांना चिकटलेली होती, म्हणजे छापखान्यातून आल्यापासून कुणी उलटलीच नव्हती. त्याखाली ‘किशोर’चे अंक सुतळीने बांधलेले. बालभारती 1971 पासून हे मासिक मुलांसाठी काढते, आणि आमच्याकडे त्याचा गठ्ठा! मधल्या कप्प्यात विज्ञानपेटी, तिच्यातलं भिंग अजून प्लास्टिकच्या पिशवीत. तळाला रिंगा, दोरीउड्यांच्या दोऱ्या आणि हवा न भरलेला फुटबॉल, पंपासकट. पंपाची सुई हरवू नये म्हणून पाकिटात घालून ते पाकीट रजिस्टरच्या पुठ्ठ्याला स्टेपल केलेलं. खिडकीबाहेर पोरं फळकुटाने क्रिकेट खेळत होती आणि आत आम्ही कोऱ्या बॅटवर मार्करने नंबर टाकत होतो.

हे सामान फुकट येत नाही. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला 5 हजार आणि खेळाच्या साहित्यासाठी 5 हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात तर प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं असलेलं ग्रंथालय हवं, असं स्पष्ट लिहिलंय. शाळेला ग्रंथपाल मात्र नाही. दोन शिक्षकांत चार वर्ग, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहित्या, एकाकडे बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं काम. पुस्तकांचं सगळं त्यातच.

गुरुजी आळशी नाहीत, हे आधीच सांगतो. मी विचारलं तेव्हा ते सरळ म्हणाले, “अप्पा, ही सगळी डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या कायमच्या सामानाच्या रजिस्टरला आहेत. उद्या बदली झाली तर चार्ज देताना एकेक पुस्तक मोजून द्यावं लागतं. कमी भरलं तर माझ्या नावावर. रिटायर होताना काही देणं बाकी नाही असा ना-देय दाखला अडकला तर तुम्ही येणार का सोडवायला?” मला बोलायला जागा राहिली नाही. कारण आदल्या वर्षीच्या मॅडमचं मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या मॅडमनी पावसाळ्यात व्हरांड्यात सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं टांगली होती. मधल्या सुट्टीत ज्याला जे पाहिजे ते त्याने घ्यायचं, वाटलं तर घरी न्यायचं. नोंदीची वही चौथीतल्या एका मुलीकडे. ती पोरगी भारी हुशार. पुस्तकाचं पूर्ण नाव लिहीत बसायची नाही. “वाघाचं”, “आजीचं”, “पिवळं मोठं” अशा नोंदी, आणि कुठलं पिवळं ते तिला बरोबर ठाऊक. तिसरीतली दोन पोरं जोडाक्षराला अडखळायची, ती त्या सुतळीपाशी उभी राहून एकमेकांच्या चुका काढायला लागली. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, असं निपुण भारत अभियान 2021 पासून सांगतंय. त्यासाठी तक्ते आले, चाचण्या आल्या. आमच्याकडे ते काम एका सुतळीवर चाललं होतं.

मग मॅडमची बदली झाली. मोजणीत सात पुस्तकं कमी भरली. एक पावसात भिजलं, एक कुणाच्या तरी धाकट्या भावाने चघळलं, बाकीची कुठल्या घरात राहिली देव जाणे. मॅडमनी पदरचे पैसे घालून तेवढी पुस्तकं आणून ठेवली आणि चार्ज दिला. सगळी मिळून किंमत दोन-तीनशे रुपये असेल. पण हे बघितल्यावर पुढचा कोणता शिक्षक सुतळी बांधेल?

वाहकाच्या नोकरीत रोज रात्री हिशेब द्यायचा असतो. तिकिटाचा गठ्ठा हरवला किंवा रोकड कमी भरली तर ती वाहकाने भरायची, आणि ते रास्तच आहे, कारण तिकीट म्हणजे पैसा. गोष्टीचं पुस्तक म्हणजे पैसा नव्हे. ते सहा-सात वर्षांच्या पोराच्या हातात गेलं की चुरगळणार, त्यावर मिशा काढल्या जाणार, कधी परत येणारच नाही. खडू संपला म्हणून गुरुजींना कुणी खुलासा मागत नाही. मग वीस-तीस रुपयांचं पिना मारलेलं पुस्तक टेबल-खुर्चीच्या रांगेत डेडस्टॉकला कशाला? ते खडूसारखं वापराच्या साहित्यात लिहा. निर्लेखनाची, म्हणजे खराब-गहाळ सामान रजिस्टरातून कमी करायची सोय आहे म्हणतात, पण निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा म्हणजे यादी, ठराव, फोटो, सह्या. तीस रुपयांसाठी त्या भानगडीत कोण पडतो?

आणि मी काही जगावेगळं मागत नाही. आमचे एक स्नेही सरकारी ग्रंथालयात होते, त्यांनी दाखवलं. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत, नियम 215 मध्ये, वाचायला दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणं वाजवी धरलेलं आहे, फक्त त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. मोठ्या माणसांच्या ग्रंथालयात हजारी पाच चालतात. पहिलीच्या पोरांना हजारी पन्नास तरी चालवून घ्या. शालेय शिक्षण विभागाने एका साध्या परिपत्रकाने हे सगळ्या जिल्हा परिषदांना कळवावं. बाकी इतकी परिपत्रकं निघतातच.

आमच्याच जिल्ह्यात, महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारला शासनाने 2017 साली पुस्तकांचं गाव केलं. 25 ठिकाणी, बरीचशी लोकांच्या राहत्या घरांत, पुस्तकं मांडली. कुणीही परका माणूस जातो, घेतो, ओसरीवर बसून वाचतो. तिथे सरकारने अनोळखी पर्यटकावर विश्वास टाकला. आपल्याच शाळेतल्या, हजेरीपटावर नाव असलेल्या पोरांवर टाकायला काय हरकत आहे?

2024 साली पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार आला. त्या दिवशी काय करायचं याच्या याद्या आहेत. ध्यान-श्वसनापासून रस्ता सुरक्षेपर्यंत बरंच काही आहे त्यात, असू दे. आमच्या समितीने ठराव केलाय की शनिवारी सकाळच्या शाळेत परिपाठ झाला की कपाट उघडायचं, किल्ली त्या दिवसापुरती चौथीच्या वर्गाकडे. फुटबॉलमध्ये हवा भरायची. वर्षाला जी पुस्तकं गहाळ होतील ती आम्ही लोकवर्गणीतून भरून देऊ, शिक्षकाला विचारायचं नाही. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवली आहे. गुरुजी म्हणतात, वरून लेखी आल्याशिवाय मी हात लावणार नाही. मॅडमचं झालेलं बघता त्यांचंही चुकत नाही.

एक विनंती आपल्याकडेही आहे. येत्या 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाच्या बातम्या येतील, मुलं ओळीने पुस्तकं उघडून बसलेली असतील. आपल्या वार्ताहरांनी प्रत्येक शाळेला एवढंच विचारावं की मागच्या महिन्यात किती पुस्तकं मुलांच्या घरी गेली आणि त्यातली किती परत आली नाहीत. हे दोन आकडे छापा. त्यासाठी फोटो थोडा लहान करावा लागला तरी आमची तक्रार नाही.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
ता. खटाव, जि. सातारा