चिकलठाण्याचेही आकडे कळू द्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात मुंबईला मुलीकडे जाऊन आम्ही दोघे संध्याकाळच्या विमानाने परतलो. आपल्या संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर पाऊस कोसळत होता. चाके टेकणार एवढ्यात इंजिनांचा आवाज चढला आणि विमान पुन्हा वर गेले. घिरट्या घालून दुसऱ्या खेपेला नीट उतरले. सामानाच्या पट्ट्यापाशी शेजारचा तरुण मोबाइलवर विमान कंपनीला एक स्टार देत होता. पायलटला उतरवताच येत नाही म्हणे! मी म्हटले, "बाळा, त्या पायलटला माझ्याकडून पाच दे."

मी एस.टी.त ३१ वर्षे मेकॅनिक होतो. ब्रेक दबत नाही असे वाटताच लॉगशीटवर लिहून गाडी आगारात परत आणणारा ड्रायव्हर प्रवाशांच्या शिव्या खायचा. आमच्या लेखी भरवशाचा तोच. विमानातही वेग, उंची, वारा यांपैकी काही जुळले नाही तर पुन्हा वर जायचे, हाच शिरस्ता आहे. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला पावसात, पाठीमागून वारा असताना विमान धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकले आणि पलीकडे खाली कोसळले. २१ जण गेले. सहवैमानिकाने 'वर चला' म्हटल्यावरही विमान उतरवलेच, असे चौकशी अहवालात लिहिलेले आहे.

आणि आपल्या गावाला तर हे दुसऱ्याने सांगायला नको. २६ एप्रिल १९९३ ला मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकले, पुढे विजेच्या तारांत अडकले आणि वरूड काझीजवळ पडले. ११८ पैकी ५५ जण दगावले. आगारात ती बातमी आली तेव्हा हातातला पाना तसाच राहिला होता. चौकशीत वैमानिकाने विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलल्याचा ठपका आलाच, पण उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहने न रोखल्याबद्दल विमानतळ प्राधिकरणावरही आला. म्हणजे नुसत्या कंपनीची कुंडली मांडून भागत नाही.

कंपनीला मी मोकळे सोडत नाही. जाताना आमचे विमान चार तास उशिरा सुटले. बिघाड असेल तर चार काय, आठ तास थांबू. पण काउंटरवरची मुलगी "ऑपरेशनल रीझन" याच्यापुढे बोलेना. माझी पत्नी मधुमेही. तिने डब्यातली भाकरी, लसणाची चटणी खाल्ली आणि उरलेली चतकोर समोरच्या रडणाऱ्या लेकराच्या हातात दिली. एवढ्या छोट्या प्रवासाला दोन तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर खाण्यापिण्याची सोय करणे कंपनीला बंधनकारक आहे, हे मला घरी आल्यावर मुलीने फोनवर सांगितले. तिथे कुणी अवाक्षर काढले नाही. स्टार कापायचे तर यासाठी कापा.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला कंपनीवार रद्द झालेली उड्डाणे आणि दर १० हजार प्रवाशांमागे आलेल्या तक्रारी जाहीर करते. चांगली गोष्ट आहे. मात्र वेळेवर सुटण्याची टक्केवारी काढतात ती मोजक्या मोठ्या विमानतळांवरून. आमचे चार तास त्यात कुठेच धरले जात नाहीत. दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी विमाने असणाऱ्या गावात एक विमान रखडले तर माणसाला दुसरी सोय नसते. रात्रीची ट्रॅव्हल्स, नाहीतर रेल्वे.

चिकलठाणा आणि नांदेडचे उशिराचे आकडे कारणासह दर महिन्याला जाहीर व्हावेत आणि उशीर झाल्यास प्रवाशाचे हक्क काउंटरवर ठळक मराठीत लावावेत. मराठवाड्याच्या खासदारांनी हे लेखी मागावे, ही विनंती.

— एक निवृत्त एस.टी. कर्मचारी, मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर