कायम

सरे, ब्रिटिश कोलंबिया
६ जुलै २०२५, आषाढी एकादशी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना हल्ली अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं आई स्वतःच्या मनाने भरून सांगते, म्हणून या वेळी पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. बाबा, चष्मा पुसून घ्या आणि पेपर वाचता तसं आधी शेवटचं पान बघू नका.

आज उपास. साबुदाणा इथे मिळतो, पण माझ्या हातून खिचडीचा गोळा झाला. तुमचे जावई मुकाट्याने खातायत.

तुम्हाला एका मुलाबद्दल सांगायचंय. नाव अर्शदीप बैन्स, वय २४, आमच्याच सरे गावचा पंजाबी पोरगा. बर्फावरची हॉकी खेळतो. ध्यानचंदांची हॉकी वेगळी. इथे चेंडूच्या जागी रबराची जाड चकती असते, तिला पक म्हणतात. ती फार उसळू नये म्हणून मॅचच्या आधी चक्क गोठवून ठेवतात. पायात धारदार पात्यांचे बूट, हातात लांब काठी, आणि खेळाडू एकमेकांना धक्के मारत भिंतीवर आपटतात. तेही नियमात बसतं. आईने बघितलं तर दोन मिनिटांत टीव्ही बंद करेल.

मला याचा नाद लागला तो घरमालकांमुळे. आम्ही त्यांच्या तळघरात भाड्याने राहतो, हे तुम्हाला माहीत आहे. शनिवारी वरच्या मजल्यावर हॉकी लागते, तीही पंजाबी कॉमेंट्रीत. २००८ पासून इथे टीव्हीवर पंजाबीत हॉकी सांगतात. ‘मारेया शॉट, कीत्ता गोल!’ असा आवाज छतातून खाली आला की तुमचा नातू जिना चढून वर पळतो. मग त्याला आणायला मी जाते, आणि घरमालकांच्या आईने चहाचा कप हातात दिला की मीही बसते. म्हातारीला इंग्रजी येत नाही, मला पंजाबी अर्धवट येतं. तरी बैन्सबद्दल आम्हा दोघींचं एकमत आहे.

हा मुलगा फॉरवर्ड खेळतो, म्हणजे गोल करायला पुढे असतो तो. इथे दर उन्हाळ्यात मोठ्या लीगचे संघ, एनएचएलचे, तरुण पोरांना नावं पुकारून निवडतात. एकेका वर्षी दोनशेवर नावं. याचं नाव तीन वर्षं कुणी घेतलं नाही. तो तिकडे अल्बर्टात रेड डिअरला पोरासोरांच्या लीगमध्ये खेळत राहिला. शेवटच्या वर्षी, २०२१-२२ मध्ये, ६८ सामन्यांत ४३ गोल स्वतः केले आणि ६९ दुसऱ्यांना करून दिले. दोन्ही मिळून ११२, त्या लीगमध्ये पहिला. तेव्हा कुठे एनएचएलमधल्या व्हँकुव्हर कनक्स संघाने करार केला.

पण करार झाला म्हणजे जागा मिळाली असं नाही. बाबा, इथून पुढचं तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

वरच्या संघात जास्तीत जास्त २३ माणसं. बाकीची धाकट्या संघात. कनक्सचा धाकटा संघ अ‍ॅबट्सफर्डला आहे, इथून तासाभराच्या आत, वाटेत सगळी ब्लूबेरीची शेतं. वरचा कोणी जायबंदी झाला की अ‍ॅबट्सफर्डला फोन जातो: आज ये. याला कॉल-अप म्हणतात. पोरगा बॅग उचलतो आणि जातो. वरचा बरा झाला की हा परत खाली. पगार दिवसावर. वरच्या लीगमध्ये कमीत कमी पगार वर्षाला ७,७५,००० डॉलर, ऐकायला डोळे फिरतात, पण तो वर राहील तेवढ्या दिवसांचाच मिळतो. खाली गेला की खालचा दर.

बदली कामगार! दुसरं काय?

तुम्ही सांगायचात ना, गिरणीचा भोंगा झाला की जॉबर दारात यायचा, किती गैरहजर ते मोजायचा आणि बदली पासवाल्यांतून बोट दाखवून माणसं आत घ्यायचा. सातची पाळी हुकली तर साडेतीनला परत उभं राहायचं, तीही गेली तर रात्री बाराला. सहा वर्षं तुम्ही त्या दाराशी उभे राहिलात. आणि मला अजून आठवतं, एकदा गावी खळ्यात बसून तुम्ही म्हणाला होतात, ‘खोलीतल्या सोबत्याला ताप आला की मला आनंद व्हायचा. आणि पेज पण त्याला मीच करून घालायचो.’ आई तेव्हा तुम्हाला ओरडली होती, पोरीसमोर काय बोलता म्हणून.

बैन्सला पहिल्यांदा बोलावलं ते २०२४ च्या फेब्रुवारीत. २० तारखेला डेन्व्हरमध्ये कोलोरॅडोविरुद्ध तो पहिला सामना खेळला. त्या रात्री वरच्या मजल्यावर पंधरा-वीस माणसं जमली होती, बायका जिन्यावर बसल्या होत्या. त्या मोसमात वर आठ सामने खेळून एकही गोल नाही, कुणाला करून दिलेलाही नाही. पहिला गोल ऑक्टोबरात, पिट्सबर्गविरुद्ध. घरमालकांच्या आईने भर दिवाळीच्या आठवड्यात आणखी एकदा लाडू वळले. तरी त्यानंतरही वर-खाली चालूच.

यात मला सगळ्यात खटकलेली गोष्ट सांगते. खाली पाठवतात ते दर वेळी खेळ वाईट झाला म्हणून नाही. नियमच असा आहे की मुरलेल्या खेळाडूला खाली पाठवायचं तर त्याचं नाव आधी २४ तास बाकीच्या ३१ संघांपुढे ठेवावं लागतं. कुणालाही तो उचलता येतो. नवीन पोराला मात्र पहिली काही वर्षं या नियमातून सूट. सूट म्हणजे सूट संघाला, पोराला नाही. दोघं सारखेच खेळत असतील तर सूट असलेला खाली जातो, कारण त्याला पाठवणं सोपं. जो गमावण्याची भीती नाही तो दाराबाहेर. गिरणीत काय वेगळं होतं?

आणि वर गेल्यावर तरी काय, चौथ्या लाइनमध्ये खेळायचं. फॉरवर्ड तिघातिघांच्या जोडीने बर्फावर उतरतात, त्याला लाइन म्हणतात. एका वेळी पाऊण मिनिट, की उडी मारून परत बाकावर. चौथ्या लाइनला साठ मिनिटांत सात-आठ मिनिटं मिळतात. तेवढ्यात दाखवायचं, आपण कायम करण्याच्या लायकीचे आहोत. मार्चमध्ये आम्ही अ‍ॅबट्सफर्डला मॅच बघायला गेलो होतो. काचेजवळची जागा होती. बैन्स आमच्यासमोर कोपऱ्यात पक काढायला गेला, मागून धिप्पाड माणसाने त्याला असा दाबला की काच हलली आणि नातवाच्या हातातलं पॉपकॉर्न सांडलं. तो खाली वाकलेलाच राहिला, काठी एका हातात, दुसरा हात काचेवर टेकलेला, आणि बुटाच्या पात्याने पक मागे सरकवून साथीदाराला दिला. गोल वगैरे काही झाला नाही. कुणी टाळी वाजवली नाही. पण मला वाटलं, हेच काम असतं, जे बघायला जॉबर जागेवर असेलच असं नाही.

बैन्सच्या आधी रॉबिन बावा म्हणून होता, व्हँकुव्हर बेटावरच्या डंकनचा. मोठ्या लीगमध्ये खेळलेला पहिला पंजाबी, १९८९ साली. चार संघांत मिळून ६१ सामने, बाकी आयुष्य धाकट्या लीगांत. दुसरा मॅनी मल्होत्रा, त्याचे ९९१ सामने झाले. तोच आता अ‍ॅबट्सफर्डचा प्रशिक्षक आहे. गेल्या महिन्यात २३ जूनला त्याच्या पोरांनी शार्लटला जाऊन काल्डर कप जिंकला, म्हणजे धाकट्या लीगची सगळ्यात मोठी ट्रॉफी. बैन्स त्यात होता. मी ड्यूटीवरून येऊन गणवेशातच वर जाऊन बसले होते.

या खेळात एक रीत आहे. वर बोलावलेल्या नव्या पोराला संघ हॉटेलात ठेवतो. महिना झाला तरी हॉटेलच, कारण उद्याचा भरवसा नाही. मग एके दिवशी साहेब बोलावून सांगतो, ‘हॉटेल सोड, घर बघ.’ बस्स. त्याचा अर्थ, तू कायम झालास. कागदापेक्षा पोरं त्या वाक्याची वाट बघतात.

बैन्सला ते वाक्य मिळेल का, सप्टेंबरच्या सराव शिबिरात कळेल. त्याची सूट आता संपली. यंदा खाली पाठवायचा तर नाव सगळ्यांपुढे ठेवावं लागेल, म्हणून वरची मंडळी दोनदा विचार करतील असं घरमालकांचं म्हणणं. त्यांच्या आईचं म्हणणं वेगळं, की पोरगा बारीक झालाय, त्याला कोणी खायला घालत नाही.

आता माझं. बाबा, आईचा हात धरा आणि रागावू नका.

२०२१ मध्ये मी फोनवर सांगितलं, हॉस्पिटलात नोकरी लागली. आईने वाडीत पेढे वाटले. ती नोकरी कॅज्युअल होती. म्हणजे कामावर घेतलेलं, पण काम नाही. कोणी आजारी पडलं, रजेवर गेलं, की पहाटे सव्वापाचला फोन यायचा: आज येतेस का? पहिल्या रिंगला उचलला नाही तर पुढच्या नावाला लावायचे. चार वर्षं मी फोन उशाखाली घेऊन झोपले. तुम्ही विचारायचात, रविवारी सुट्टी असते ना गं, आणि मी काहीतरी सांगायचे. मला स्वतःलाच शनिवारी रात्री ठाऊक नसायचं. एका वॉर्डात रुळले, पेशंटची नावं, कोणाला बिनसाखरेचा चहा, सगळं पाठ झालं, तेव्हा एक पक्की जागा निघाली. वरच्या बाईंनी तोंडावर सांगितलं होतं, ही तुझीच. झाली दुसऱ्याच कोणाची. त्या रात्री मी गाडीत बसून रडले, आणि सव्वापाचला फोन आला तेव्हा उचलला.

माझ्याबरोबरच्या एका फिलिपिनो बाईचा पाय मोडला, तेव्हा मला सहा आठवडे सलग काम मिळालं. बाबा, मला आनंद झाला. मी तिला डबा नेऊन दिला, वरण-भात. ती म्हणाली, तू किती चांगली आहेस. तेव्हा तुमची पेज आठवली. त्या दिवसापासून तुम्हाला हे सगळं सांगायचं होतं, पण धीर झाला नाही. तुम्ही कायम झालात १९७९ ला, आणि १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. बदलीवाल्यांना कायम करा ही पण मागणी होती ना त्यात? तुम्ही स्वतः कायम असून त्यांच्यासाठी बाहेर पडलात, आणि मग आत जायला दारच उरलं नाही. आईने बारा माणसांची खानावळ चालवली. घरात ‘कायम’ हा शब्द नंतर मी कधी ऐकलाच नाही. म्हाडाच्या घराचा अर्ज भरतानासुद्धा तुम्ही नुसतं ‘बघूया’ म्हणालात. म्हणून मला वाटायचं, पोरगी सातासमुद्रापलीकडे जाऊन परत दारातच उभी आहे हे यांना कशाला कळवायचं.

१६ जूनपासून मी कायम झाले. इथे त्याला ‘लाइन मिळाली’ म्हणतात, हॉकीसारखंच. नातवाने लगेच विचारलं, कितवी लाइन? मी म्हटलं, चौथी समज. चार दिवस काम, दोन दिवस सुट्टी. आजारपणाची रजा, भरपगारी सुट्ट्या, दातांचा विमा. पुढच्या वर्षभराच्या पाळ्या छापून दिल्यात, तो कागद फ्रिजवर लावलाय. जावई येता-जाता वाचतात. परवा पहाटे सव्वापाचला मला आपोआप जाग आली, फोन गप्प होता, आणि मी बराच वेळ छताकडे बघत पडून राहिले. झोप काही लागली नाही. उठून पोळ्या केल्या.

तुमच्या नातवाला तुमची गोष्ट मी त्याच्या भाषेत सांगितली. तो आता शाळेत सांगतो की माझे आजोबा सहा वर्षं कॉल-अपवर होते. मी दुरुस्त केलेलं नाही.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर शेजारच्यांकडून मागवून घे, पैसे पाठवलेत. बाबांची बीपीची गोळी रात्रीची आहे, सकाळची नव्हे. पाऊस धरला असेल तर मागच्या दाराची कौलं परतून घ्या, पण बाबांनी वर चढायचं नाही.

यंदाच्या गणपतीला जमत नाही, रजा अजून साठायची आहे. पुढच्या वर्षी चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. फ्रिजवरच्या कागदावर बघून मी तीन आठवड्यांचा अर्ज टाकलाय. नातवाला तुमचा बदली पास बघायचाय. पत्र्याच्या ट्रंकेत, आईच्या शालूखाली असायचा. उंदरांनी ठेवला असेल तर काढून प्लास्टिकमध्ये घालून ठेवा.

तुमची
बाय