सर्वांसाठी शर्यत, पण सगळे एकाच रेषेवरून नकोत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

'आबालवृद्धांसाठी खुली सायकल शर्यत' अशी जाहिरात झाली की नोंदणी भराभर होते आणि आई-वडील मुलांना घेऊन हौसेने येतात. सर्वांना एका मैदानात आणणारे असे खेळ थोडे आहेत, म्हणून हे उपक्रम वाढावेत असे आम्हाला मनापासून वाटते. मात्र अशा बहुतेक शर्यतींत एक मूळची चूक होते. सगळ्यांना एकाच रेषेवर उभे करून एकाच शिट्टीवर सोडले जाते. नऊ वर्षांचे मूल ताशी १२ किलोमीटर वेगाने चालले आहे आणि सरावातला स्वार ३५ ने येतो आहे, असे धरा. दोघांच्या वेगातला फरक सेकंदाला सहा मीटरहून जास्त पडतो. मागचा स्वार तीस मीटरवर असेल, तर तो पाच सेकंदांच्या आत मुलापाशी पोहोचतो. मूल तेवढ्यात आई दिसली म्हणून डावीकडे वळले, तर दोष कोणाचा? आमच्या मते आयोजकाचा. म्हणून आयोजक, क्रीडाशिक्षक आणि पालक यांच्यासाठी काही गोष्टी तपशीलवार लिहीत आहोत.

पहिली गोष्ट मार्गाची. लांबच्या रस्त्याचा मोह टाळावा. वाहतूक पूर्ण बंद असलेला, एकाच दिशेने फिरणारा, एक ते दीड किलोमीटरचा वळसा पुरतो. रुंदी सगळीकडे किमान सहा मीटर हवी आणि वळणे चारपेक्षा जास्त नसावीत. छोट्या वळशावर प्रत्येक मार्शलला, म्हणजे मार्गावर उभे राहून स्वारांवर लक्ष ठेवणाऱ्याला, पुढचा मार्शल डोळ्यांनी दिसतो, रुग्णवाहिका दोन मिनिटांत कुठेही पोहोचते, पंक्चर झालेला स्वार चालत परत येऊ शकतो आणि घरच्यांना आपला माणूस दर काही मिनिटांनी दिसतो. शंकू ठेवून त्याला वळसा घालून परत फिरायचे, हा प्रकार मुलांच्या गटात तरी ठेवू नये. मूल वळता वळता पुढचा ब्रेक करकचून दाबते, पुढचे चाक घसरते आणि मागचे दोघे त्याच्यावर येतात.

मार्ग आदल्या दिवशी पायी फिरून पाहावा आणि त्या दिवशी सकाळी झाडून घ्यावा. बारीक खडी नेहमी वळणाच्या बाहेरच्या कडेला साठते, आणि वेगातला स्वार बाहेर फेकला जातो तो तिथेच. लोखंडी झाकणे आणि रंगवलेले पट्टे कोरडे असताना त्रास देत नाहीत, पण ओले झाले की त्यांच्यावर ब्रेक मारणारा घसरतो. असे पट्टे वळणावर असतील आणि पावसाची शक्यता असेल, तर मार्गच बदलावा.

दुसरी गोष्ट गटांची. नोंदणीच्या अर्जावर 'नवोदित' की 'अनुभवी' असे विचारून काही कळत नाही, कारण प्रत्येकाची व्याख्या वेगळी असते. 'सपाट रस्त्यावर ५ किलोमीटरला तुम्हाला किती मिनिटे लागतात?' असे विचारावे. २० मिनिटांपेक्षा जास्त, १२ ते २० मिनिटे आणि १२ पेक्षा कमी, असे तीन गट सरळ पडतात. त्यांचे वेग अनुक्रमे ताशी १५ च्या खाली, १५ ते २५ आणि २५ च्या वर येतात. बक्षिसासाठी मुद्दाम खालच्या गटात नाव घालणारे असतातच. अशा स्वाराला वरच्या गटात टाकण्याचा अधिकार पंचांना आहे, हे नियमांत आधीच छापावे.

मुलांचे गट वयाप्रमाणे करावेत, पण चाकाचा आकारही पाहावा. १६ इंची चाकाची सायकल आणि २० इंची गिअरची सायकल यांची बरोबरी होत नाही, मुले एकाच वर्गातली असली तरी. एका तुकडीत पंधरापेक्षा जास्त मुले नकोत. सर्वांत लहानांना दोनशे मीटरचा सरळ पट्टा भरपूर झाला. तिथे वेळ लावू नये आणि क्रमांकही काढू नयेत.

आता शर्यतीच्या स्वरूपाकडे येऊ, कारण मिश्र ताकदीच्या स्वारांचा खरा प्रश्न इथेच सुटतो. ठरावीक फेऱ्यांऐवजी 'वेळ अधिक फेऱ्या' ही पद्धत घ्यावी, उदाहरणार्थ २० मिनिटे अधिक २ फेऱ्या. वळसा १.२ किलोमीटरचा आणि आघाडीचा स्वार ताशी ३० ने चालणारा असेल, तर त्याची फेरी २ मिनिटे २४ सेकंदांत होते. २० मिनिटे उलटल्यानंतर तो पहिल्यांदा रेषेवर येतो तो नऊ फेऱ्या पूर्ण करून, २१ मिनिटे ३६ सेकंदांना. तेव्हा त्याला '२' ची पाटी दाखवायची, पुढच्या वेळी '१' ची पाटी दाखवून घंटा वाजवायची, आणि २६ मिनिटे २४ सेकंदांना त्याची शर्यत संपते. त्यानंतर जो जो रेषेवर येईल त्याची शर्यत तिथेच संपली, त्याच्या फेऱ्या कितीही झालेल्या असोत. ताशी २० ने चालणारा स्वार तोवर आठव्या फेरीत असतो आणि अडीच मिनिटांत आत येतो. हीच शर्यत सरसकट ११ फेऱ्यांची ठेवली असती, तर त्याला जवळजवळ ४० मिनिटे लागली असती. म्हणजे शेवटची तेरा मिनिटे तो एकटाच फिरत राहिला असता, तेही मांडव उतरवणाऱ्या लोकांच्या समोर. तो माणूस पुढच्या वर्षी येत नाही.

या पद्धतीत एकच गोष्ट हमखास चुकते, ती म्हणजे घंटा. फेरीभर मागे पडलेला स्वार नेमका आघाडीवाल्याच्या थोडा पुढे रेषेवर येतो आणि घाईत त्यालाच आघाडीवाला समजून घंटा वाजते. मग निकालाचा जो गोंधळ होतो तो निस्तरायला तासभर जातो. एका पंचाचे काम फक्त आघाडीच्या स्वारावर नजर ठेवण्याचे असावे. त्याच्याकडे कागद-पेन्सिलसुद्धा देऊ नये.

घोळक्यात चालवण्याची भीती वाटणाऱ्यांसाठी एकेकट्याची शर्यत उत्तम. ३० सेकंदांच्या अंतराने एकेकाला सोडले, तर चाळीस स्वार २० मिनिटांत मार्गी लागतात. ही कल्पना नवी नाही. खुल्या रस्त्यांवर घोळक्याच्या शर्यतींना विरोध होऊ लागला, तेव्हा इंग्लंडमध्ये एफ. टी. बिडलेक यांनी १८९५ साली स्वारांना वेगवेगळे सोडून ५० मैलांची शर्यत भरवली होती. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात सुरू झालेली मेलबर्न-वॉर्नांबूल शर्यत अनेक दशके 'हँडिकॅप' पद्धतीने चालली. या पद्धतीत कमी वेगाचे आधी सुटतात आणि वेगवान नंतर. १० किलोमीटरसाठी हिशेब सोपा आहे: ताशी २० वाल्याला ३० मिनिटे लागतात, २५ वाल्याला २४ आणि ३० वाल्याला २०. म्हणून दुसरा गट पहिल्यानंतर ६ मिनिटांनी आणि तिसरा १० मिनिटांनी सोडावा. सगळे शेवटच्या किलोमीटरमध्ये एकत्र येतात आणि पाहणाऱ्यांना खरी चुरस दिसते. मात्र ही पद्धत मोठ्यांसाठी आणि लांब वळशावरच ठेवावी. कारण शेवटी वेगवेगळ्या वेगाचे स्वार एकमेकांना ओलांडतातच, आणि मुले असताना नेमके तेच आपल्याला टाळायचे आहे.

कुटुंबांसाठी आमची पसंती 'आपली वेळ ओळखा' या प्रकाराला आहे. आई किंवा वडील आणि मूल यांची जोडी दोन फेऱ्यांना लागणारा वेळ आधी लिहून देते. घड्याळ, मोबाइल आणि वेगमापक काढून ठेवायचे. दोघांपैकी मागून येणाऱ्याची वेळ धरायची आणि लिहिलेल्या वेळेच्या सर्वांत जवळ येणारी जोडी पहिली. इथे वेगाला बक्षीस नसल्यामुळे मोठे माणूस मुलाला सोडून पळत नाही. सात वर्षांची मुलगी आणि आजोबा ही जोडी सहज जिंकू शकते.

सायकल तपासणीशिवाय कोणालाही नंबर देऊ नये. सवय झाली की एका सायकलला दीड मिनिट लागते. पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल पिळावे. ते फिरले, तर त्याचा बोल्ट ढिला आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवावी. हँडलखाली खटखट जाणवली, तर तिथले बेअरिंग सैल आहे. ब्रेकची दांडी पूर्ण दाबली तरी हँडलला टेकता कामा नये, आणि ब्रेकचा रबर रिमवरच बसला पाहिजे. तो टायरला घासत असेल, तर टायर फाटून ट्यूब फुटते. चाक धरून आडवे हलवावे, पेडल फिरवून चेन उतरत नाही ना ते पाहावे. टायरच्या बाजूवर हवेच्या दाबाचे किमान आणि कमाल आकडे लिहिलेले असतात. मुलांच्या सायकलीत किमान आकड्याच्या आसपास हवा ठेवावी, कारण हलक्या वजनाखाली टणक टायर खड्ड्यावर उडतो आणि पकड सुटते.

हँडलच्या टोकांची टोपणे पाहायला जवळजवळ सगळेच विसरतात. मुलांच्या सायकलीची रबरी मूठ टोकाशी फाटलेली असते आणि आतली उघडी नळी बाहेर आलेली असते. मूल पडले आणि हँडल उलटे फिरून पोटाखाली आले, तर ती गोल धार खोल इजा करते. बुचाइतके छोटे टोपण तिथे असले की हा धोका टळतो. टोपणे नसतील, तर जाड चिकटपट्टीचे चार-पाच वेढे तात्पुरते चालतील, पण उघड्या नळीने कोणालाही रेषेवर जाऊ देऊ नये. बाजूचा स्टँड आणि पुढची टोपली काढावी. स्टँडची स्प्रिंग सैल असली, तर तो हादऱ्याने खाली येतो आणि डाव्या वळणावर रस्त्यात अडकतो.

तपासणीच्या टेबलाशेजारी ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या अॅलन की (षटकोनी खाचेच्या बोल्टच्या चाव्या), १५ चा पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि सगळ्या प्रकारच्या व्हॉल्व्हना चालणारा उभा पंप ठेवावा. नापास झालेल्या निम्म्याहून अधिक सायकली एवढ्यावर दुरुस्त होतात आणि कोणाचेही मूल रडत घरी जात नाही.

हेल्मेट डोक्यावर नुसते असून भागत नाही. कडा भुवईच्या वर दोन बोटे, दोन्ही पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीच्या आकारात, हनुवटी आणि पट्टा यांच्यामध्ये एक-दोन बोटांची जागा. मान जोरात हलवली तरी ते सरकता कामा नये. मागे कपाळ उघडे टाकून घातलेले हेल्मेट तोंडावर पडणाऱ्याला वाचवत नाही.

सुरुवातीची रेषा उतारावर आखू नये, आणि शेवटची किंचित चढावर असली तर फारच चांगले. एका ओळीत पाच-सहा सायकली आणि दोन ओळींत दीड सायकलीचे अंतर ठेवावे. मुलांना एक पाय जमिनीवर आणि पुढचे पेडल घड्याळात दोन वाजता काटा असतो तिथे ठेवायला शिकवावे. पेडल खाली असले तर पहिला जोर वाया जातो आणि सायकल डगमगते. बंदुकीच्या बाराने लहान मुले दचकतात, त्यापेक्षा मोठ्याने 'तीन, दोन, एक' म्हणावे. सुरू करण्याआधी दोन सायकली उभ्या करून सर्वांना एक गोष्ट प्रत्यक्ष दाखवावी. मागच्याचे पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला बाजूने लागले, तर पडतो तो मागचा. कारण ज्या चाकाने तोल सावरायचा तेच अडलेले असते. म्हणून दोन चाके कधीही शेजारी-शेजारी येऊ देऊ नयेत.

अपघात वळणावर होतील असे सगळे धरून चालतात. आमच्या पाहण्यात जास्त धडका शेवटच्या रेषेच्या पुढच्या वीस मीटरमध्ये होतात. स्वार मान खाली घालून आलेला असतो आणि पालक फोटोसाठी नेमके तिथे उतरलेले असतात. शेवटच्या वळणानंतर दीडशे मीटर सरळ रस्ता आणि रेषेपुढे ऐंशी मीटर पूर्ण मोकळी जागा हवी, दोन्ही बाजूंना कठड्यांसह. पालकांनी मुलांना भेटायची जागा त्याच्याही पुढे पाटी लावून ठरवावी.

मार्शलने वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहू नये, कारण घसरणारा स्वार त्याच बाजूला येतो. कोणी पडले, तर आधी वीस-तीस मीटर मागे जाऊन झेंडा दाखवावा आणि मागून येणाऱ्यांचा वेग कमी करावा. पडलेल्याकडे दुसऱ्याने जावे. डोक्याला मार लागला असेल, तर 'मी ठीक आहे' म्हणणाऱ्यालाही त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसवू नये. त्याचे हेल्मेटही बाद करावे, कारण आतला फोम एकदाच दबून आघात शोषतो.

हाताने चालवायच्या सायकली आणि दृष्टिहीनांच्या जोडसायकली यांना स्वतंत्र वेळ द्यावी. हाताची सायकल इतकी बुटकी असते की घोळक्यातून ती दिसत नाही. तिला डोक्याच्या वर येईल असा झेंडा हवाच.

शेवटी नगरपालिका आणि वाहतूक विभाग यांना एक विनंती. रस्ता ठरलेल्या वाजता नव्हे, तर गेलेले आणि परत आलेले नंबर जुळल्यानंतर उघडावा. एखादा नंबर सापडत नसेल, तर शेवटच्या स्वाराच्या मागून चालणारी गाडी पुन्हा एक फेरी मारून येईपर्यंत कठडे हलवू नयेत.

आपले,
सायकल शर्यतींच्या आयोजनात काम करणारे काही पंच व मार्शल