सूचना: मंगळवारी मासिक एक्स्पायरी, शेअर फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे वेळेत मिटवा

सभासदांनो, येत्या मंगळवारी एनएसईवरील (राष्ट्रीय शेअर बाजार) या महिन्याचे फ्युचर्स (ठरल्या भावाने पुढे देण्या-घेण्याचे करार) आणि ऑप्शन्स (ठरल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क) संपत आहेत. निफ्टीचा हिशेब रोखीत होतो, त्याची चिंता नाही. शेअरच्या करारात मात्र प्रत्यक्ष शेअर द्यावे-घ्यावे लागतात. एका कराराचा लॉट 500 शेअरचा आणि भाव 1400 रुपये म्हणजे थेट 7 लाख रुपये.

– डिलिव्हरी नको असेल तर सोमवारपर्यंत सौदा मिटवा किंवा पुढच्या महिन्यात न्या.
– विकत घेतलेल्या इन-द-मनी (बाजारभावाने फायद्यात असलेल्या) ऑप्शनवर शेवटच्या चार दिवसांत मार्जिन (ब्रोकरकडे ठेवायची अनामत) रोज वाढते. प्रीमियम (ऑप्शनची किंमत) भरला म्हणजे सुटलो, असे नाही.
– फ्युचर विकले किंवा घेतलेला पुट (विकण्याचा हक्क) इन-द-मनी संपला आणि डीमॅटमध्ये शेअर नसतील, तर लिलाव व दंड.
– स्प्रेडवाल्यांनी (एक ऑप्शन घेऊन दुसरा विकणाऱ्यांनी) जास्त जपावे. 1400 चा कॉल (घेण्याचा हक्क) घेतला, 1440 चा विकला आणि भाव 1420 वर थांबला, तर विकलेला कॉल शून्य होतो आणि घेतलेल्याची पूर्ण डिलिव्हरी गळ्यात पडते. दोन्ही पाय एकत्रच मिटवा.
– खोल इन-द-मनी ऑप्शनला गिऱ्हाईक कमी असते. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) टाकू नका, लिमिटच (आपण ठरवलेल्या भावाची) लावा.

ब्रोकर स्वतःहून सौदे कधी कापतो, ती वेळ आजच विचारून घ्या. प्रत्येकाची वेगळी असते.