जीप भंगारात देऊ नका

श्टुटगार्ट,
१४ जानेवारी २०१८

तीर्थरूप बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आज संक्रांत. आईने पाठवलेले तिळाचे दोन लाडू खिशात टाकून सकाळीच लोकलने त्सुफेनहाउजनला गेलो. तिथे पोर्शेचं संग्रहालय आहे. एका लाल गाडीसमोर तासभर उभा होतो, आणि तुम्ही शेजारी हवे होतात असं सारखं वाटत होतं.

गाडी ऑक्टोबर १९६४ ची. तेव्हा या मॉडेलचं नाव ९०१ होतं. पण मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्समध्ये प्यूजो या मोटार कंपनीचा हक्क, म्हणून शून्याचा एक केला आणि ९११ झाली. जुन्या नावाच्या मोजक्याच गाड्या निघाल्या. त्यातली ही ५७ नंबरची २०१४ मध्ये एका कोठारात सापडली. पत्रा गंजलेला, पुढचे मडगार्ड गायब. तरी संग्रहालयाने तिचे १,०७,००० युरो मोजले आणि तीन वर्षं तिच्यावर काम केलं.

मडगार्ड नवे ठोकून घेणं यांना काय अवघड होतं? पण त्याच काळातल्या दुसऱ्या गाडीचे कापून आणून बसवले. जुनं जे जे वाचण्यासारखं होतं, ते वाचवलं. मी वाकून दार आणि मडगार्डमधली फट पाहिली. वरपासून खालपर्यंत एकसारखी! तुम्ही डोळे मिटून बोट फिरवता ना, तसं फिरवायला हात शिवशिवत होते, पण मधे दोरी.

इंजिन मागे, आपल्याकडे डिकी असते तिथे. दोन लिटरचं, १३० हॉर्सपॉवर. सहा सिलिंडर आडवे, तीन इकडे, तीन तिकडे. रेडिएटर नाहीच, पंख्याच्या हवेवर थंड होतं. किल्ली स्टीअरिंगच्या डावीकडे. पाच गोल मीटर, त्यात मधला आणि सगळ्यात मोठा आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा.

बाबा, आजोबांची जीप भंगारवाल्याला द्यायची असं दादा परवा फोनवर म्हणाला. देऊ नका. तिचा खालचा पत्रा गेलाय, पण बॉनेट आणि डावा मडगार्ड अजून मूळचाच आहे. तुम्हीच दाखवला होता मला. मे महिन्यात तीन आठवडे येतोय. तोवर तिला शेडमध्ये ओढून घ्या आणि खाली विटा लावा. उद्यमनगरात कुणाकडे त्याच सालची मोडकी जीप पडली असेल, तर तेवढी विचारून ठेवा.

आईला नमस्कार. लाडू अजिबात फुटले नव्हते म्हणून सांगा.

तुमचा,
संजू