गोळीची वेळ : मा. आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

माझ्या बाबांनी उभा जन्म लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवली. 9 वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं निदान झालं. हा आजार घेऊन कुणी फुंकीचं वाद्य वाजवतं का, हे शोधताना मला ब्रिटिश सॅक्सोफोनवादक बार्बरा थॉम्प्सन सापडल्या. आज आपल्याला लिहितेय ते त्यांच्यामुळेच.

बार्बराबाईंचा जन्म 1944 चा, ऑक्सफर्डचा. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये त्या क्लॅरोनेट, बासरी, पियानो आणि संगीतरचना शिकल्या. पण ड्यूक एलिंग्टन आणि जॉन कोलट्रेन यांच्या संगीताने त्यांना जॅझकडे आणि सॅक्सोफोनकडे ओढलं. त्या काळी जॅझमधली बाई म्हणजे गायिका, असंच लोक धरून चालत. बाईंनी मात्र 'पॅराफर्नेलिया' हा स्वतःचा बँड काढला, त्यासाठी स्वतः संगीत लिहिलं आणि तो युरोपभर फिरवला. नवरा जॉन हाइजमन त्यांच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. दोन मुलं वाढवली, अँड्र्यू लॉइड वेबरच्या 'कॅट्स' या संगीतनाटकासाठी काम केलं. 1996 मध्ये ब्रिटिश सरकारने एमबीई किताब दिला आणि 1997 मध्ये पार्किन्सन्स निघाला.

सॅक्सोफोनवाल्याची दोन्ही हातांची बोटं सतत चाव्यांवर पळत असतात. हा आजार नेमका तिथेच घाव घालतो. थरथर सगळ्यांना दिसते. पण बोट उचलायचं मनात येतं आणि ते उचललं जात नाही, हे वादकालाच कळतं. 2001 मध्ये बाईंनी निरोपाचा दौरा केला आणि त्या रचनेकडे वळल्या. पुढे नवऱ्याच्या 'कोलोसियम' बँडचा सॅक्सोफोनवादक आजारी पडला, तेव्हा त्याच्या जागी त्याच उभ्या राहिल्या! त्यानंतर 'पॅराफर्नेलिया'सोबतही पुन्हा दौऱ्यावर निघाल्या. 2022 मध्ये, वयाच्या 77 व्या वर्षी त्या गेल्या. म्हणजे निदानानंतर 25 वर्षं.

हे नुसत्या जिद्दीवर होत नाही, साहेब. त्याला औषध लागतं आणि ते वेळेवर लागतं. लेव्होडोपा या आजारावरचं मुख्य औषध, पण त्याचा असर काही तासच टिकतो. तो उतरला की माणूस लाकडासारखा होतो. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या वेळा वेगळ्या, त्याच्या शरीराने ठरवलेल्या. बाबांच्या 8, 12, 4 आणि 8.

मागच्या वर्षी मांडीचं हाड मोडलं म्हणून बाबांना एका रुग्णालयात ठेवलं होतं. घरच्या गोळ्या काढून घेतल्या. "औषधांची फेरी 10 ला," असं सांगितलं. साडेनऊला बाबांना कूस बदलता येईना, घोटभर चहा गिळता येईना. उजव्या हाताची बोटं चादरीवर होती. त्यांना मला काहीतरी खुणेने सांगायचं होतं, पण बोटं हलेनात. ज्या बोटांनी वरातीत तासन् तास गाणी वाजवली, ती बोटं. फेरीवरच्या सिस्टरला मी दोष देत नाही. ती एकटी सगळा वॉर्ड सांभाळत होती. तिच्याकडे या आजारासाठी वेगळा लेखी आदेशच नव्हता.

ब्रिटनमध्ये तो आहे. रुग्णालयात दाखल झालेल्या पार्किन्सन्सच्या रुग्णाला लेव्होडोपा त्याच्या ठरलेल्या वेळेच्या 30 मिनिटांच्या आत मिळावं, असं तिथल्या आरोग्यसेवेचं मानक सांगतं. त्याला ना यंत्र लागतं, ना नवी इमारत.

आपल्याकडे एक परिपत्रक काढा. केसपेपरच्या पहिल्याच पानावर रुग्णाच्या गोळ्यांच्या वेळा ठळक लिहाव्यात. त्याच्या गोळ्या उशाशी राहू द्याव्यात आणि जमत असेल तर त्याला स्वतः घेऊ द्याव्यात, नाहीतर सोबतच्या नातेवाइकाला त्या देऊ द्याव्यात. ग्रामीण रुग्णालयांतही हे औषध कायम शिल्लक असावं. ते देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेच.

बाबांचं हाड जुळलंय. सकाळची 8 ची गोळी लागू पडली की ते अजूनही पेटीतून क्लॅरोनेट काढतात. परिपत्रक निघालं की एक प्रत मला हवी आहे. बाबांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवीन, पुन्हा दाखल करायची वेळ आली तर दाखवायला.

आपली,
एका क्लॅरोनेटवादकाची मुलगी, पुणे