ऑडिओ इंटरफेसची वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : दोन माइक प्रीअँपच्या ऑडिओ इंटरफेसमधील दोष आणि रकमेचा परतावा

महोदय,

मालवण तालुक्यातील आमच्या भजन मंडळाचे ध्वनिमुद्रण मी घरीच लॅपटॉपवर करतो. बुवांच्या आवाजासाठी एक आणि पखवाजासाठी एक, असे दोन कंडेन्सर माइक (चालायला बाहेरून वीज लागणारे माइक) एकाच वेळी लावता यावेत, एवढीच माझी गरज होती. बेहरिंगर यूएम२ किंवा फोकसराइट स्कार्लेट सोलो या ऑडिओ इंटरफेसमध्ये (माइकचा आवाज संगणकात नेणाऱ्या उपकरणांत) माइकसाठी एकच प्रीअँप, म्हणजे माइकचा क्षीण आवाज वाढवणारा भाग, असतो, म्हणून ते बाजूला ठेवून मी आपल्या संकेतस्थळावरून आपला इंटरफेस मागवला. कारण त्याच्या माहितीत दोन माइक प्रीअँप आणि दोन्हींवर ४८ व्होल्ट फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) असे स्पष्ट लिहिले आहे. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ हे ध्वनिमुद्रणाच्या दर्जाचे आकडेही तेथे ठळक छापले आहेत, पण भजनाला ४८ किलोहर्ट्झ भरपूर होतात आणि मी पैसे मोजले ते दुसऱ्या प्रीअँपसाठी.

एकच माइक लावल्यास उपकरणाबद्दल तक्रार नाही. दुसरा जोडला, की गजरात पखवाजावर जोराची थाप पडताच आवाज फाटतो आणि गेन (प्रीअँप आवाज किती वाढवतो ते) अगदी खाली आणला तरी फाटतोच. त्या वेळी क्लिपचा, म्हणजे आवाज प्रीअँपच्या मर्यादेबाहेर गेल्याचा, लाल दिवा लागत नाही, हिरवाच राहतो. म्हणजे आवाज प्रीअँपमध्ये नव्हे, तर त्याच्या आधी, पुरेसे व्होल्टेज न मिळालेल्या माइकमध्येच फाटत आहे. खात्री करण्यासाठी केबलच्या एक्सएलआर (तीन पिनांच्या) टोकाचे कवच उघडून पिन १ आणि २ यांमधील व्होल्टेज मल्टिमीटरने मोजले. एक माइक चालू असताना ते ३८ होते, दुसरा लावताच २४ वर आले. माइक लावल्यावर ६.८ किलोओहमच्या रोधांमुळे ४८ पेक्षा काही व्होल्ट कमी दिसणारच, पण दुसऱ्या माइकमुळे पहिल्याचे व्होल्टेज एवढे घसरण्याचे कारण नाही. लॅपटॉपचा पोर्ट कमी पडत असावा, असे आपल्या प्रतिनिधींनी सुचवले, म्हणून स्वतंत्र अडॅप्टरवर चालणारा यूएसबी हब लावूनही पाहिले. फरक पडला नाही.

यानंतर उपकरण स्वखर्चाने कुरिअरने मुंबईच्या सेवा केंद्रात पाठवले. ते ‘आर्द्रतेमुळे बिघाड, वॉरंटी लागू नाही’ एवढ्या शेऱ्यासह परत आले. तळाच्या स्क्रूवरचा सीलचा स्टिकर जसाच्या तसा आहे. उपकरण न उघडता आतली आर्द्रता कशी दिसली, याचा खुलासा व्हावा. कोकणात हवा दमट असते, हे आम्हाला कोणी सांगायला नको. म्हणूनच काम संपले की इंटरफेस सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. शिवाय, ओल लागून बिघडलेले उपकरण एका माइकवर सुरळीत चालून दुसरा लावल्यावरच नेमके अडते, हे पटण्यासारखे नाही. आमच्या पिनकोडवर माल पोहोचवताना आपल्याला समुद्र आडवा आला नाही, आणि वॉरंटी कार्डावरही किनारपट्टी वगळल्याचा उल्लेख नाही.

तरी इंटरफेसची पूर्ण किंमत कुरिअरच्या खर्चासह परत करावी, किंवा दोन कंडेन्सर माइक एकत्र जोडून तपासलेले नवे उपकरण, तपासणीच्या लेखी नोंदीसह, पाठवावे. दुरुस्ती मला मान्य नाही, कारण हा दोष एका नगाचा नसून रचनेचाच असावा, असा माझा संशय आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे आपल्यावर बंधनकारक आहे. तसे न झाल्यास, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येत असल्यामुळे, मी सिंधुदुर्गच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

खरेदीची पावती, सेवा केंद्राचा शेरा, सीलचे छायाचित्र आणि एका व दोन माइकवर केलेल्या मुद्रणाच्या फाइली सोबत जोडल्या आहेत.

आपला,
एक ग्राहक
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग